खाडीचा रंग पेटीत नसतो



आज मी आपल्याशी रंगीत पेन्सिलींविषयी बोलणार आहे. विषय लहान मुलांचा वाटेल. पण शाळेत जाणारे मूल ज्या घरात आहे त्या घरात ही पेटी केव्हा ना केव्हा येतेच. वर्ष सरता सरता तिच्यातील तांबडी, पिवळी आणि हिरवी पेन्सिल झिजून करंगळीएवढी होते, आणि जांभळी मात्र विकत आणली तशी लांबच्या लांब पडून राहते. आपल्याकडे पेटी असेल तर आज ती उघडून पाहा. जांभळी पेन्सिल का उरते आणि ती उरता कामा नये, असे मला का वाटते, ते ओघाने सांगतो.

मी चित्रकलेचा शिक्षक नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सुटीत पेन्सिल हाती धरतो. माझ्या पुष्कळशा सुट्या धरमतरच्या खाडीकाठी गेल्या आहेत. पेणहून अलिबागकडे निघाले की वडखळनंतर हा पूल लागतो. खाली अंबा नदी खाडीला मिळून समुद्राकडे निघालेली असते. एके काळी मुंबईची आगबोट धरमतरला लागे आणि कोकणात जाणारी माणसे येथे उतरून पुढची वाट धरीत. आता प्रवासी आगबोट नाही. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल घेऊन लोखंडी बार्जेस मात्र भरतीबरोबर वर येतात. काठाला तिवरांची दाटी, तिच्यामागे खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध, बांधाच्या आत भाताची खाचरे, आणि ओहोटी लागली की मैल अर्धा मैल उघडा पडलेला चिखल. हा देखावा ज्याने पाहिला नाही त्याला 'चिखल' या शब्दाने काहीच कळणार नाही. ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको.

आता गंमत अशी की, या खाडीकाठच्या मुलांना 'देखावा काढा' म्हटले म्हणजे ती दोन त्रिकोणी डोंगर काढतात. मध्ये अर्धा सूर्य, त्यातून निघालेली सरळ नदी, बाजूला झोपडी आणि नारळाचे एक झाड. साताऱ्यातला मुलगा हेच काढतो, नागपूरचाही हेच काढतो. खिडकीतून खाडी दिसत असताना तुम्ही ती का काढत नाही, असे मी एकदा काही मुलांना विचारले. त्यांतल्या एकाने फार प्रामाणिक उत्तर दिले. तो म्हणाला, "खाडीला रंगच नाही. पेटीत कुठला घ्यायचा?"

मला वाटते, या उत्तरात आजचा सगळा विषय आला. पेटीत बारा पेन्सिली असतात : लिंबू पिवळी, गर्द पिवळी, नारिंगी, लाल, गुलाबी, जांभळी, आकाशी, निळी, पोपटी, हिरवी, तपकिरी आणि काळी. सूर्यासाठी एक आहे, नदीसाठी एक आहे, झाडासाठी आहे. ओल्या चिखलासाठी नाही, तिवराच्या पानाच्या रुपेरी खालच्या बाजूसाठी नाही, बार्जच्या गंजासाठी नाही. म्हणून मूल जे पेटीत आहे ते काढते आणि जे डोळ्यांसमोर आहे ते सोडून देते. असे पाच-सहा वर्षे चालले म्हणजे आपले गाव चित्रात घेण्यासारखे नाही, हे त्याच्या मनात पक्के बसते. पेन्सिलीवर पेन्सिल चढवून तिसरा रंग कसा मिळवावा, एवढे जर त्याला कुणी दाखवले, तर ही अडचण उरत नाही.

तर पहिली गोष्ट, ही पेन्सिल म्हणजे काय ते पाहू. लिहिण्याच्या पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि माती कालवून भट्टीत भाजलेली कांडी असते. रंगीत पेन्सिलीची कांडी भाजत नाहीत, कारण भट्टीत रंग जळून जाईल. तिच्यात रंगाची भुकटी, खडूसारखी पांढरी माती, थोडा चिकटा आणि मेण असते. मेण लक्षात ठेवा. पाण्याचे रंग बशीत कालवता येतात, मेण बशीत कालवता येत नाही. म्हणून रंगीत पेन्सिलीचे रंग मिसळण्याची जागा एकच, ती म्हणजे कागद.

आणि कागद सपाट नसतो, बरं का! बोट फिरवून पाहा. चांगल्या ड्रॉइंगच्या कागदाला बारीक खरखर लागते. नांगरलेल्या शेतात जशी ढेकळे आणि सऱ्या, तशी ही उंचसखल रचना असते. पेन्सिल हलकी फिरवली की रंग ढेकळांच्या माथ्यावर बसतो, खळगे पांढरे राहतात. दुसरा रंग हलकाच फिरवला की काही पहिल्यावर बसतो, काही उरलेल्या खळग्यांत जातो. अशा चार, पाच, सहा थरांनी खळगे हळूहळू भरत येतात. पहिल्याच फेरीला जोर लावला तर खळगे मेणाने बुजतात, कागद गुळगुळीत होतो, आणि त्यावर दुसरी पेन्सिल घसरू लागते. 'माझ्या पेन्सिली एकमेकींत मिसळतच नाहीत' अशी मुलांची तक्रार असते. बहुतेक वेळा दोष पेन्सिलीचा नसतो, जोराचा असतो. पेन्सिल टोकाजवळ घट्ट न धरता मागे धरावी, टोक बारीक ठेवावे, आणि हाताचे वजन कागदावर पडू देऊ नये.

ज्या घरात अजून नऊवारी लुगडी जपून ठेवलेली असतील त्यांना मी आणखी सोपे उदाहरण देतो. धूपछाव लुगडे आपण पाहिले असेल. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. विणकराने दोन्ही रंग कुठे एकत्र कालवलेले नसतात. धागे वेगवेगळेच असतात. पण ते इतके बारीक आणि इतके जवळ की डोळा त्यांचा तिसराच रंग करतो, आणि पदर हलला की तो बदलतो. रंगीत पेन्सिलीच्या रेघा अशाच विणायच्या असतात. पहिला थर उभ्या रेघांचा, दुसरा आडव्या, तिसरा तिरप्या. किंवा लहान लहान गोल फिरवीत जावे. त्याने रेघ दिसत नाही, मात्र वेळ लागतो. थरांचा क्रमही पाहावा. पिवळ्यावर निळा आणि निळ्यावर पिवळा या दोन्हींचा हिरवा सारखा येत नाही. जो वर असतो त्याचा अंमल अधिक. साधारणपणे फिकटाकडून गडदाकडे जावे, कारण गडद रंग एकदा बसला की खोडरबराने तो पुरता निघत नाही, नुसता पसरतो.

आता आपण धरमतरचा चिखल करू.

ओहोटीची वेळ, सकाळचे नऊ. जिथे पाणी साचून चकाकते आहे तेवढी जागा कोरी सोडा. बाकी सगळ्यावर लिंबू पिवळ्याचा इतका हलका थर द्या की दुरून तो दिसू नये. त्यावर आडवा तपकिरी, हलकाच. त्यावर तिरपा निळा. इथेच मुले चकित होतात, कारण तपकिरी आणि निळा एकत्र आले की एक राखी, थंड, ओला रंग तयार होतो, आणि तो पेटीत कुठेही नव्हता. खेकड्यांची बिळे, पाण्याच्या वाटा, बांधाच्या बुडाची ओल, अशा जागी जांभळी फिरवा. मग पुन्हा एकदा तपकिरी सगळ्यांवरून, म्हणजे तुकडे सांधले जातील. पाणी साचलेल्या कोऱ्या जागेत आकाशीच्या चार-दोन रेघा पुरेत, कारण चिखलातल्या पाण्याला स्वतःचा रंग नसतो, तो वरच्या आभाळाचा असतो.

तिवरांसाठी आधी पोपटी, मग हिरवा. सावलीच्या बाजूला, मन घट्ट करून, हिरव्यावर थोडा लाल. लाल आणि हिरवा हे एकमेकांचे विरोधी रंग, आणि विरोधी रंग एकमेकांना मारतात, विझवतात. हिरव्याचा दिमाख उतरतो आणि झाडीत खोली येते. निळ्याचा विरोधी नारिंगी. म्हणून बार्जचा गंज नारिंगीने सुरू करावा, त्यावर तपकिरी चढवावा आणि जिथे पत्रा सावलीत गेला तिथे निळा. पिवळ्याचा विरोधी जांभळा. पिकल्या भाताची सावली जांभळी. चालत्या उन्हात पिवळ्या मातीच्या भिंतीवर पडलेली सावलीही जांभळीच. आता कळले असेल की ती पेन्सिल पेटीत लांबच्या लांब का उरते : मुलांना सावली काळ्याने करायला शिकवले जाते.

काळ्याविषयी माझे मत थोडे कडक आहे. पहिले वर्षभर काळी पेन्सिल पेटीतून काढून वेगळी ठेवावी. काळा वाईट आहे असे नाही, पण तो फार लवकर हाती लागतो. सावली काळ्याने केली की मुलगा सावलीकडे पाहणेच सोडून देतो. गर्द निळा, तपकिरी आणि थोडा लाल यांच्या थरांतून जो काळोख येतो तो पुष्कळ जिवंत असतो, आणि तो करताना सावलीत काय काय आहे हे पाहावे लागते.

ज्या मुलाला चिखल जांभळट दिसतो त्याला कुणी खोटे ठरवू नये. याचे शास्त्र आहे. पॅरिसमध्ये गोबलँ नावाच्या गालिचे व पडदे विणण्याच्या प्रसिद्ध कारखान्यात शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचा प्रमुख होता. तेथे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्याने तपासले, तेव्हा रंगात दोष सापडला नाही; शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. यावरून त्याने १८३९ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे सार आपल्या कामापुरते असे की, रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची छाया टाकतो. हिरव्याशेजारचा राखी रंग किंचित तांबूस-गुलाबी भासतो. आपल्या खाडीत राखी चिखलाला चहूकडून तिवरांचा हिरवा लागलेला असतो. मुलाचा डोळा बरोबर पाहत असतो. 'चिखल कुठे जांभळा असतो का?' असे दटावणाऱ्या मोठ्या माणसाने तो पाहिलेला नसतो.

पांढऱ्याची गोष्ट राहिली. पेणच्या बाजूला जुन्या मिठागरांचे पांढरे ढीग ज्यांनी पाहिले असतील त्यांना प्रश्न पडेल की, पांढरी पेन्सिल पेटीत नाही, मीठ कसे काढावे? उत्तर असे, की काढूच नये. कागद सोडावा. ढिगाच्या उन्हाच्या बाजूला कोरा कागद, सावलीच्या बाजूला आकाशी व जांभळ्याचा अगदी पुसट थर, आणि मागची झाडी गडद. सावंतवाडीस जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे हाताआड समई धरलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पाहणारे म्हणतात, चित्रामागे दिवा ठेवला आहे काय! ते जलरंगात आहे, माध्यम वेगळे. तरी दोन्हीकडचा नियम एकच : उजेड येतो तो कागदाच्या पांढऱ्यातून, त्याच्यावरच्या पातळ रंगांमधून. म्हणून थर पातळ हवेत.

आता एक रंग दुसऱ्यात विरत जातो तो कसा, ते सांगतो. हे पाहायला पेणच्या बाजूच्या माणसाला लांब जायला नको. पेणमध्ये, किंवा हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत एकदा जाऊन उभे राहावे. मूर्तीच्या अंगाला एक रंग दिल्यावर कारागीर सोंडेच्या वळणाखाली, पोटाच्या कडेला, पीतांबराच्या चुण्यांत गडद छटेचा फवारा मारतो. गडद कुठे संपला आणि फिकट कुठे सुरू झाला, ती रेघ आपल्याला सापडत नाही. फवारा देणारा हात कडेला येताना दूर जातो आणि रंग विरळ होतो. पेन्सिलीत हेच काम वजनाने करायचे. सावलीतून उजेडाकडे येताना हात हलका हलका होत गेला पाहिजे, आणि शेवटी पेन्सिल कागदाला लागली की नाही असे वाटले पाहिजे. दुसरा रंग समोरून तसाच हलका होत यावा. मध्ये जिथे दोन्ही विरळ आहेत तिथे ते एकमेकांत मिसळतात.

थर पूर्ण झाले, रंग मनासारखा आला, म्हणजे एक शेवटचे काम असते : घोटणे. फिकट रंगाची पेन्सिल, बहुधा लिंबू पिवळी किंवा सुटी मिळाली तर पांढरी, जोर देऊन सगळ्या थरांवरून फिरवावी. उरलेले खळगे बुजतात, रंग एकजीव होतात आणि चकाकी येते. भिंत सारवल्यावर ती घोटतात तसेच हे. ओला चिखल, बार्जचा भिजलेला पत्रा, आंबा, पितळी तांब्या यांना घोटणे शोभते. आभाळाला शोभत नाही. घोटल्यावर तिथे पुढचा थर बसत नाही, म्हणून घाई करू नये. प्रदर्शनात मोठ्या माणसांना चकचकीत चित्र आवडते, हे मुले ओळखून असतात आणि सगळा कागद घोटून आणतात. शिक्षकांनी या चकाकीला बक्षीस देऊ नये, अशी माझी विनंती आहे.

रंग पसरवण्याच्या इतर युक्त्यांबद्दल थोडक्यात सांगतो. कागदाची घट्ट गुंडाळी करून तिच्या टोकाने घासले तर रंग थोडा सारखा होतो. कोळशाच्या चित्रात ही गुंडाळी जेवढी चालते तेवढी मेणाच्या रंगात चालत नाही. बोटाने घासू नये, घामाचा डाग पडतो. टर्पेंटाइनने मेण विरघळते आणि रंग जलरंगासारखा वाहतो, हे खरे; पण त्याची वाफ आणि त्याचा आगीचा धोका पाहता वर्गात ते आणूच नये. रॉकेलचे तर नाव नको. खोबरेल तेलाचा कापूस फिरवणारी मुले मी पाहिली आहेत. रंग मिसळतो, पण तेल कागदात उतरून पाठीमागे डाग उमटतो. पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिलीही मिळतात. स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने त्या १९३१ साली बाजारात आणल्या. योगायोग असा की, त्याच १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला, आणि त्याच कॅम्लिनच्या रंगांच्या पेट्या पुढे आपल्या घराघरांत आल्या.

एक युक्ती मात्र मुलांना फार आवडते. शाई संपलेल्या बॉलपेनने कागदावर आधी दाबून रेघ ओढावी. दिसत काहीच नाही. मग वरून रंगाचे थर दिले की ती रेघ पांढरी उमटते, कारण पेन्सिल त्या चरीत उतरत नाही. कोळ्याचे जाळे, बार्जचा दोर, पावसाच्या सरी, सगळे यात येते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता दोन शब्द आपल्याशी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांना कलेचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण शाळेचा पट शंभराच्या वर असेल तर. आपल्या खाडीकाठच्या आणि डोंगरातल्या शाळांचे पट कसे असतात ते आपण जाणता. म्हणजे गणित शिकवणाऱ्या बाईंनीच चित्रकलेचा तास घ्यायचा. 'मला चित्र येत नाही' असे त्या म्हणतात. पण हा तास घ्यायला चित्र यावे लागत नाही. प्रत्येक मुलाला दोनच पेन्सिली घेऊ द्या, निळी आणि तपकिरी म्हणा. कागदावर आठ चौकोन आखा. पहिल्यात नुसता निळा, आठव्यात नुसता तपकिरी, मधल्या सहांत एक कमी होत जाईल आणि दुसरा वाढत जाईल. पस्तीस मिनिटांत हे होते. मग मुलांना खिडकीशी किंवा अंगणात नेऊन विचारा, यातला कुठला चौकोन बाहेर कुठे दिसतो? कुणी म्हशीच्या पाठीकडे बोट दाखवील, कुणी भिजल्या कौलाकडे, कुणी ढगाच्या पोटाकडे. त्या दिवशी चित्र नाही काढले तरी चालेल. पुढे जी मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतील त्यांना हाच सराव उपयोगी पडेल, हे वेगळे सांगायला नको.

पेटी अर्धी असली तरी बिघडत नाही. ज्या मुलाच्या पेटीत सहाच पेन्सिली उरल्या आहेत त्याला शेजाऱ्याकडून उसन्या आणायला न सांगता, या सहांतून काय काय निघते ते शोधायला सांगावे. हलक्या हाताने काम केले तर पेन्सिल झिजतेही कमी, हा हिशेब पालकांना पटेल. ड्रॉइंगचा कागद नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेची आतली कोरी, खरखरीत बाजू चालते. गुळगुळीत कागद मात्र टाळावा, त्यावर दुसरा थर ठरत नाही. आणि पेटी खाली पाडू नये. पडली की आतली कांडी ठिकठिकाणी तुटते, आणि मग टोक करता करता अर्धी पेन्सिल संपते. मुलाला वाटते, ब्लेड बोथट आहे.

आपल्याकडच्या हवेची एक सूचना देऊन थांबतो. पावसाळ्यात कागद सादळतो, मऊ पडतो, त्यावर घोटू गेले तर फाटतो. जून ते सप्टेंबर पातळ थरांचीच चित्रे करावीत. जाड घोटलेल्या गडद रंगांवर काही दिवसांनी पांढुरकी साय धरलेली दिसेल. ती बुरशी समजून चित्र फेकून देऊ नका. कांडीतले मेण वर आलेले असते. मऊ सुती फडक्याने, न दाबता, हलकेच पुसले की खालचा रंग जसा होता तसा दिसतो.